तिसरा कोअर

सोमवारी उद्यमनगरात पट्टे थांबतात,
लेथ गप्प, भट्टी गार.
सेटिंगला सोमवारच बरा.

शटर अर्धं ओढून
मी मशीनचं कुशीचं झाकण काढते.
आत सोळा वर्षांची धूळ, तिच्यात बिडाचा चुरा,
चुंबक फिरवलं तर उभा राहील असा.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली.
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.

मग काळ्या पडद्यावरचे पांढरे आकडे.
नऊ गुणिले दोनशे सहासष्ट : कंपनीनं दिलेलं.
नऊ गुणिले तीनशे : तक्रार नाही.
तीनशे तेहेतीस : विंडोज उघडलं
आणि निळं होऊन पडलं.
व्होल्टेज एक पॉइंट तीन.
पुन्हा.
एक पॉइंट तीन दोन पाच.
विम्याच्या डायरीत पेन्सिलीनं लिहीत जाते,
खोडरबर दूर ठेवून;
चुकलेला आकडाही उद्या लागतो.

जोतिराम मिस्त्री शटरखालून वाकून आत आले.
चाळीस वर्षं इंजिनं लावली त्यांनी,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक हेडला टेकवून
कुठला व्हॉल्व्ह खोटं बोलतोय ते सांगायचे.
सवयीनं टोक कॅबिनेटला लावलं.
"नुसता पंखा वाजतोय गं. आत कोण न्हाईच की."
"चौघं हायत, काका."
"मग बोलंनात का?"

खरंच बोलत नाहीत.
फक्त चुकतात.
रात्रभर चौघांना एकच गणित घालून ठेवलं,
खुर्चीत पाय वर घेऊन झोपले.
चार वाजून दहा मिनिटांनी तिसरा थांबला.
पहिला, दुसरा, चौथा चालूच,
एकाहत्तर अंशांवर, मान खाली घालून.
दुसऱ्या रात्री पुन्हा तिसराच.
त्याच्यासाठी व्होल्टेज चढवावं
तर अठ्ठ्याहत्तर अंश,
आणि एप्रिल अजून यायचाय.

नवा घ्यायचा तर साठ हजार.
साठ हजारांसाठी पंपांची किती ड्रॉइंगं काढावी लागतील
ते त्याच पानाच्या मागं लिहिलंय.
ते पान मी उलटत नाही.

शेवटी तीनशे वीस.
दिसायला बरा आकडा नाही,
कुणाला मिरवून सांगावा असाही नाही.
तिसऱ्याला झेपतो.
बाकीच्यांनी तीनशे चाळीससुद्धा पेललं असतं बहुतेक,
पण घड्याळ एकच आहे, चौघांत मिळून.

अकरा मिनिटांचा इंपेलर आता नऊ मिनिटांत फिरतो पडद्यावर.
वाचलेल्या दोन मिनिटांचं काय करायचं
हे काही ठरवलं नव्हतं.
बाहेर आले. मिस्त्री पायरीवर.
एक चहा दोघांत.
"तिसरा कसा हाय?" त्यांनी विचारलं,
घरातल्या कुणाची तब्येत विचारावी तसं.
"चाललंय," म्हटलं.
"जरा बेतानं."