तीन वर्षांचं माप

परदेशीपुऱ्यात, बंद मिलच्या मागच्या गल्लीत
मी फ्रॉक शिवते. डझनाला छत्तीस रुपये.
सेठच्या गाठोड्यात कापलेले तुकडे येतात,
सोबत कॉलरीत टाचायच्या चिठ्ठ्या :
एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं.

एकदा एकाची शिलाई तिरपी गेली, सेठनं परत केला.
रेवाला घातला.
चिठ्ठी म्हणत होती तीन,
रेवाला चार पूर्ण झालेली.
खांद्यावरून घसरला, घेर पोटऱ्यांपर्यंत आला,
अन् गिरकी घेत ती म्हणाली,
"आई, मी नवरी!"

मी हसले.
मग चिठ्ठी पुन्हा वाचली.

तोवर कौतुकच होतं मला,
गेल्या दिवाळीचे कपडे यंदाही बसतात म्हणून.
कापड वाचतं, सांगायचे शेजारणींना.
सासूबाई म्हणायच्या, आमच्यात सगळे बुटकेच.
आणि पोट तर भरत होतं तिचं :
सकाळी चहात बुडवून टोस्ट,
दुपारी शेवेची पुडी, माझी मशीन थांबू नये म्हणून,
रात्री पोळी आणि वरणाचं वरचं पाणी.
तळची डाळ दिगंबरच्या ताटात,
तो दिवसभर गोण्या उचलतो.
मला पातेलं पुसून.
ती पोटात होती तेव्हाही
पातेलं पुसूनच.

अंगणवाडीत शकुन दीदीनं तिला फळीला टेकवलं,
टाचा दाबल्या, डोक्यावर पट्टी आणली.
ठिपका लाल रेषेच्या खाली.
"वजन भरून निघेल," म्हणाली,
"उंचीचं मी खोटं नाही सांगणार."
टेप तर रोज माझ्याच गळ्यात होती.

त्या उन्हाळ्यात आम्ही अकराजणी
सेठला वगळून राजवाड्यावर गेलो.
दोन दुकानांनी पाणी पाजून वाटेला लावलं.
तिसऱ्यानं चाळीस डझन दिले.
आता डझनाला नव्वद, माझ्या नावाच्या पासबुकात.
पहिल्या पैशांचे मूग, शेंगदाणे, गूळ,
आणि सहा अंडी.
सासूबाईंना विटाळ नको म्हणून
अंगणात तीन विटांवर उकडली.

दिगंबर एकदा दीदीच्या बैठकीला जाऊन आला.
बोलला काहीच नाही.
रात्री पळी त्यानं हातात घेतली,
तळापर्यंत घातली,
आधी रेवाला वाढलं, मग मला.
मला पुन्हा दिवस गेलेत.

रेवा आता पाचाची. चिठ्ठी अजून चारचीच बसते.
तिच्या नव्या फ्रॉकला
आतून चार बोटं दुमड ठेवलीय.
टाके कच्चेच घातलेत.