फावड्यावरचा बटाटा

आधी ओव्हन. भावाने पुण्याहून पाठवलेला,
खोक्यावर हसणारी गोरी बाई.
काट्याने टोचून, तेल चोळून, दोनशे अंशांवर एक तास.
नंदनवनातली आमची लाईन
बरोब्बर चाळिसाव्या मिनिटाला गेली.
बाबांनी अंधारातच खाल्ला.
"बरा आहे वं. पण हा तो नाही."

तो कोणता, हे मी विचारलं नाही.
मला वाटलं, भाजण्यात कमी पडलं असेल.

मग शकुन गजभियेची पद्धत:
जुन्या कुकरच्या तळाला बोटभर जाडं मीठ,
वर बटाटे, एकमेकांना न शिवता,
शिटी नाही, रिंग नाही, आच चिमणीएवढी.
पाऊण तासाने साल कागदासारखी वाजली,
आत भुगा, पांढरा, कोरडा, ठेच्याची वाट पाहणारा.
शकुन म्हणाली, याच्या पुढं कोणी गेलं तर मला सांग.
बाबांनी दोन खाल्ले, मिशी पुसली.
"चांगला आहे. पण तो नाही."

गॅसच्या जाळीवरचा मोजत नाही.
बाहेर कोळसा, आत कळमन्याच्या बाजारातली थंडी,
आणि पंख्याखाली तीन दिवस उडणारी काळी सालं.

इतवारीतल्या भडभुंज्याकडे सुट्टी टाकून गेले.
पाणीकराच्या खिडकीवर बसणारी मी,
हातात पाच बटाट्यांची पिशवी, आणि लाज.
त्याने फुटाण्यांची चाळणी बाजूला ठेवली,
काळ्या तापल्या वाळूत पाचही पुरले,
"बाई, अर्ध्या घंट्यानं या," म्हणाला, पैसे घेतले नाहीत.
घरी आणले तेव्हा शाल गरम होती.
बाबांना आठ दात. दोघांत वाळू गेली.
बराच वेळ थुंकत राहिले बेसिनमध्ये,
आणि मग तिथेच, नळ चालू ठेवून, सांगायला लागले.

"मोतीबाग शेड. मी फायरमन, इनायत ड्रायव्हर.
रामाकोन्याचा गँगमन बटाटे दे, ताजे, माती लागलेले.
फावडं गरम पाण्यानं धुवाचं,
त्याच्यावर बटाटे, अन् भट्टीच्या दारात धराचं.
दार उघडं ठेवलं का वाफ उतरे,
इनायतचं एक डोळं काट्यावर, एक माह्यावर.
शिव्या दे, पण वाटा अर्धा मागे."

किती वेळ ठेवायचा?

"घाट लागेपर्यंत."

पण घाट किती वेळाने लागायचा?

"ते गाडीले विचार. लागला का कोळसा टाकाचा,
मंग फावडं पाह्यजेच ना वं. बटाटे खाली.
मधात कच्चेच राहेत. हमेशा."

नळ मी बंद केला.
तीन आठवडे मी त्यांच्यासाठी
बटाटा पूर्ण भाजायच्या मागे होते.

रविवारी गच्चीवर शेगडी पेटवली.
सात अंश, शेजारच्या टाकीवर धूर बसलेला.
दगडी कोळसा कोणाकडे मिळेना,
म्हणून इस्त्रीवाल्या धकात्यांकडून लाकडाचा.
फावडं वॉचमनचं, दोनदा उकळत्या पाण्याने धुतलेलं.
मी पक्कडीत मूठ धरून उभी,
घाट नाही, चढण नाही, काटा नाही,
खाली कोणी तरी स्कूटरला किक मारतंय, मारतंय.
बाबा खुर्चीत, मफलर कानावर, पाठ माझ्याकडे.

"आता काढ," म्हणाले.
मागे वळलेही नाहीत.

साल जळालेली, कडेला बोटभर मऊ,
मध्ये टणक, दाताखाली कचकन वाजणारं.
बाबांनी हाताने मोडून अर्धा मला दिला.
इनायतचा वाटा असावा.
खरं सांगायचं तर बेकार होता.
मी मीठ आणायला खाली गेले,
वर आले तर त्यांचा संपलेला,
आणि ते माझ्याकडे बघत होते.