नाक राहिलेली बाई

पहिल्या रात्री झोप अनावर झाली
म्हणून तिचं नाक काढायचं राहिलं.
दुकान बंद करून शनिवार खुटावरून
घरी यायलाच दहा वाजले होते.
जेवले, भांडी घासली,
मग शिलाई मशीनच्या पाटावर
तीन चौकोन आखले.
पहिल्यात गिऱ्हाईक: लोगो मोठा करा.
दुसऱ्यात: अजून मोठा.
तिसऱ्यात लोगोखाली चेंगरलेल्या तिचे
फक्त पाय, एका चपलेचा अंगठा तुटलेला,
आणि फुग्यात, "आता बरोबर वाटतंय का, सर?"

फोनवरून सोडून दिलं नि झोपले.
सकाळपर्यंत एकवीस जण हसले होते.
त्यात चार नातेवाईक, एक मी.

पुढच्या पट्टीत आठवणीनं नाक काढलं
तर खानापूरच्या एका फोटोग्राफरचा निरोप,
"ही कोण? आमची ती न्हवं ही."
खोडलं.
बरंच झालं म्हणा.
मुरडायला नाक नाही, कापलं जायची भीती नाही,
राग येतो, पण त्याला बसायला जागा नाही.
महिनाअखेरीला नाकी नऊ येतात,
तेव्हा ते नऊ बिचारे
दाराबाहेर ताटकळत उभे.

दिवसा मी फ्लेक्स करते.
वाढदिवस, बारसं, भावपूर्ण श्रद्धांजली;
कधी चार महिन्यांच्या अंतरानं
एकाच माणसाचा तोच फोटो.
"गालाला गुलाबी घाल की गं," पिराजीराव म्हणतात,
"गेलेला असला म्हणून काय झालं?"
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
फूटपट्टी लावून मोजायचं.
एवढं करून एक जण ह्या बाजूनं रागावतो,
एक जण त्या बाजूनं,
आणि दोघंही विचारतात,
अक्षर जरा हसरं नाही का मिळणार?

मशीनवर बसलिंग हादिमनी.
मराठी फाडफाड बोलतो,
वाचताना मात्र त्याचे ओठ हलतात.
एकदा लाईट गेली, शाई नळ्यांत अडकून बसली.
"काय काढूलालीस रोज रात्री?"
दाखवलं.
ओठ हलले. हसला नाही.
"हे आपल्या मालकाचं हाय न्हवं?"
सगळ्याच मालकांचं, म्हटलं.
बराच वेळ गप्प राहून म्हणाला,
"आमच्या मंदीला पण कळू दे की."

मंदी म्हणजे त्याच्या भाषेत माणसं.
माझ्या भाषेत, गेले दोन महिने.

मग तो सांगायचा, मी कन्नड भरायचे.
शब्द लांब, फुगे फुगले,
तिचं अर्धं कपाळ झाकलं गेलं.
नाक दोन्हीकडे नव्हतंच,
तेवढं एक भाषांतर वाचलं.

जांबोटकर शेठचं बिल सहा महिने अडकलेलं.
बसलिंग म्हणाला, आमच्याकडं पूर्वी
दारावर लिहायचे, नाळे बा. उद्या ये.
भूत यायचं, वाचायचं, परत जायचं.
दुसऱ्या दिवशी यायचं, वाचायचं.
एवढं आज्ञाधारक भूत
मी तरी एकच पाहिलंय, आरशात.
त्या रात्री काचेचं दार काढलं, त्यावर नाळे बा,
बाहेर बिल धरून ती.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन.
हात गार पडले.
"ते आमचंच दार न्हवं?
बायको हसून हसून खाली बसली बघ.
आठ बाय चारचं करून दे, हापिसात लावूया.
आणि कोपऱ्यात आपला लोगो घाल."
घालते.
"जरा मोठा."
आणि आधीचे पैसे, शेठ?
"उद्या ये की."

रात्री दोघांनीच छापलं.
ओल्या फ्लेक्सची दोन टोकं धरून
आम्ही उभे, मधे ती, माझ्याएवढी उंच,
बिल हातात घट्ट.
शाईच्या उग्र वासानं मला शिंक आली.
तिला काही नाही.
बसलिंगनं लोगोकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि पहिल्यांदाच एवढा हसला
की त्याच्या हातातलं टोक सुटलं.