पान चौदा

पाचव्या सेमिस्टरला चिठ्ठी उघडली: फिटनेस मासिक.
चोवीस पानं, पिनबांधणी, मुखपृष्ठासकट.
रेणुकाला पर्यटन मिळालं, मला हे.
मला, जी दुसऱ्या मजल्यावरच्या स्टुडिओत जाताना
मधल्या खिडकीपाशी थांबून
गंगापूर रोडची रहदारी बघते. रोज. आवडीने.

नाव ठेवलं 'दमसास'.
अक्षरं जाड घेतली, शिरोरेषा मात्र
धापेसारखी मध्येच तोडली.
सर म्हणाले, हे चांगलंय.
त्यानंतर तीन आठवडे कशालाच म्हणाले नाहीत.

फोटोंसाठी पहाटे कृषीनगरच्या ट्रॅकवर गेले.
थंडी अशी की कॅमेऱ्याचं बटण बोटाला कळेना.
कानटोपीतले काका, उलट्या चालणाऱ्या दोघी जावा,
आणि बाकावर एक जण, बुटाची नाडी बांधत.
बाकीच्यांच्या चार फेऱ्या होईपर्यंत तीच नाडी.
त्याला मी मुखपृष्ठावर घेतला.

पान चौदासाठी तालमीतला अद्वैत येणार होता,
खांदे असे की दोन कॉलम सहज व्यापतील.
मेसेज आला: ताप.
माझ्याकडे उरला रिकाम्या भिंतीचा फोटो,
रात्रीचे अडीच,
आणि अकरा ओळींनी उपाशी असलेला एक कॉलम.
ठोकून दिलं:
भिंतीकडे तोंड करा. बोटांनी भिंत चढा,
मुंगी चढते तशी. हात थांबेल तिथे खूण करा.
पंधरा वेळा. रोज.
मुंगी फक्त ओळ पुरी करायला घेतली होती.
कॉलम भरला. झोपले.

अशोक स्तंभाजवळ छापून घेतली, एकच प्रत.
ग्लॉसी परवडला नाही. कटरने
कडेचे आकडे खाल्ले, चौदाचं चार झालं.
मार्क साडेसहा. शेरा लाल पेनने:
'या पानावर माणूस कुठे आहे?'

प्रत घरी आली ती फ्रिजवर, वीजबिलांखाली.

पप्पा सातपूरला लेथवर, एकतीस वर्षं.
डावा खांदा दिवाळीपासून अडकलाय.
शर्टाची डावी बाही आधी चढवतात,
कुणी बघत नसताना.
दवाखाना म्हटलं की त्यांची नेमकी सुट्टी नसते.

मार्चमध्ये दिसलं. स्वयंपाकघरात,
गॅसच्या नळीशेजारी, पेन्सिलच्या बारीक रेघा,
मायक्रोमीटर धरणाऱ्या हाताच्या, सरळ,
प्रत्येकीपुढे तारीख.
सगळ्यात खाली आठ फेब्रुवारी. वर कालची.
मधे वीतभर भिंत.
'तुझ्याच पुस्तकातलं आहे,' ते म्हणाले.
'पण पंधरा म्हणजे एका दमात, की थांबून थांबून?
तसं लिहायला हवं होतं.'

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला, फिजिओथेरपीच्या रांगेत,
मांडीवर मासिक.
'कुठे दुखतंय?' मॅडमनी विचारलं.
मी पान पुढे केलं.
त्या वाचत गेल्या, मुंगीपाशी हसल्या.
'बरोबर आहे. कुठून घेतलं?'
ओळी कमी पडत होत्या, असं कसं सांगणार.
'पंधरा नको, दहा. आधी गरम पाण्याचा शेक.
आणि त्यांना घेऊन ये. कागद नको आणूस.'

सीबीएसला बसची वाट बघत
पंधरावर काट मारली, वर दहा लिहिलं.
शेक बसवायला जागाच नव्हती,
म्हणून समासात उभा लिहिला,
खालून वर, भिंतीच्या फोटोला लागून.

रात्री पप्पांनी चष्मा पुसून ते वाचलं,
मान तिरकी करून, समासासकट.
पान उलटलं. पुन्हा मागे आले.
'गुडघ्यांचं,' म्हणाले, 'पुढच्या अंकात का?'