साल

गणिताच्या पेपराआधी
इरावतीच्या पोटात कालवाकालव.
सातचा पाढा, म्हणे, जिन्यातच सांडला.

शिवडीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर
तांडेल मावशी घंटेपाशी बसलेल्या.
त्यांनी काही विचारलं नाही.
कनवटीचं शार्पनर काढलं:
"कर टोक. पण साल तुटता कामा नये."

तुटली. पुन्हा तुटली.
खाली बंदराकडचे ट्रक भोंगे वाजवत राहिले.
मग हात हळू झाला,
हातामागून श्वास.
लाकडाची लांब झालर,
लाल काठाची, गणवेशावर उतरली.

मावशींनी घड्याळ पाहिलं,
हातोडी हातात धरून
अर्धं मिनिट
उगाच पदर सारखा करत राहिल्या.

पाढा आठवला का, ठाऊक नाही.
झालर मात्र कंपासपेटीत आहे.
पेन्सिल एवढीशी उरलीय.