नॅशनल परमिट

मुनाफ उस्तादच्या ट्रकवर मागं पिवळ्या अक्षरांत होतं
नॅशनल परमिट.
बेनोड्याहून संत्रा भरला की सरळ दिल्ली,
मधली राज्यं आम्ही धाब्यावरच्या डाळीवरून ओळखायचो.
मी क्लीनर. टायर ठोकायचो आणि ओरडायचो,
हवा ठीक आहे उस्ताद.

ठोकता ठोकता स्टिअरिंगवर बसलो,
आणि एका एजंटाच्या वहीतून
लिथुआनियाला उतरलो.

लिथुआनियात मी एकूण अकरा दिवस राहिलो.
त्यातले चार कागदाच्या रांगेत,
दोन दवाखान्यात, छातीचा फोटो काढायला,
उरलेले एका खोलीत. पाच जण, एक शेगडी.
तिथली भाषा मला एका शब्दाएवढी येते:
आचू. म्हणजे धन्यवाद.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, काउंटरवरची बाई शिंकली.

मग चावी मिळाली. पोलंड, जर्मनी, फ्रान्स, स्पेन,
परत फ्रान्स, बेल्जियम,
एकदा लक्झेंबर्ग, तो तर डिझेल भरून होईस्तोवर संपला.
खिशातलं कार्ड सगळीकडे एकच सांगायचं,
हा माणूस लिथुआनियाचा.

फ्रान्स कसा आहे, रजनी फोनवर विचारायची.
अंघोळीला चार युरो.
आणि जर्मनी?
रविवारी ट्रक बंद. आम्ही ओळीनं उभे,
शेजारी एक जॉर्जियाचा, एक उझबेक,
माझ्या गॅसवर भात, त्यांच्या गॅसवर मटण,
या आरशापासून त्या आरशापर्यंत दोरी
आणि दोरीवर तीन देशांची बनियनं.

वॅलेन्सियाला पहिल्यांदा संत्रा भरला.
मागचं दार लावताना वास आला
आणि मी कारण नसताना टायर ठोकत बसलो.
त्यांची साल घट्ट, आपल्यासारखी
अंगठा लावताच सुटणारी नाही.
पुढं हायवेवर पोलिसानं हात केला.
बावीस टन फळाला त्यानं काही विचारलं नाही,
माझं कार्ड तेवढं उलटंसुलटं केलं.
राहतोस कुठं?
मी कॅबिनकडे बोट दाखवलं.
तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

आता कार्डाची तारीख गेली.
नवं येईल, महिनाभरात, कंपनी म्हणते.
हा तिसरा महिना.

पानठेल्यावर लोक विचारतात, किती देश पाह्यले बावा?
नऊ, मी म्हणतो, आणि मोजताना
नऊ पार्किंग डोळ्यांपुढं येतात.

भाऊ शेंदुरजनाघाटला नर्सरीत कलमं भरतो,
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, वरून पट्टी.
मी पट्ट्या कापून देतो.
लवकर सोडली तर डोळा वाळतो,
उशिरा सोडली तर पट्टीच सालीत रुतते.
मग सोडाची कधी?
तो मान वर न करता म्हणतो, पायूनच समजते.

काल पिकअपमध्ये दोनशे कलमं घेऊन
पट्टणच्या रस्त्याला लागलो. सोबत पुतण्या, प्रज्योत.
चढ संपला की बोर्ड येतो,
मध्यप्रदेश आपका स्वागत करता है,
तिथं डांबराचा रंग बदलतो
आणि एक शेळी बसलेली असते, दोन्ही रंगांवर.

माझा पाय ब्रेकवर गेला.
हात शर्टाच्या खिशाकडे.
खिशात खर्र्याची पुडी आणि नर्सरीची पावती.

काय झालं गा काका?

काही नाही म्हटलं.
खाली उतरलो,
चारही टायर एकेक करून ठोकले.
शेळी उठली, बाजूला जाऊन बसली.
हवा हाय ना, प्रज्योत खिडकीतून म्हणाला,
चाला मंग.