आडोसा

चार सेफ्टी पिना. बांगडीतल्याच काढल्या,
आयोजकांच्या गंजलेल्या निघाल्या म्हणून.
छातीवर २२१६; वारा तो उपटू बघतोय.

मोरकॅम. ओहोटी. खाडीभर चिखल चकाकतो,
पलीकडच्या डोंगरांवर चिमूटभर बर्फ.
जाताना वारा पाठीशी होता, फुकटचा.
सातव्या मैलाला वळलो
आणि त्यानं वसुली सुरू केली.

एक छप्पन्न चाळीस.
तीन वर्षं हा आकडा फ्रिजवर चिकटलाय
दुधाच्या हिशेबाखाली.

पुढे एक रुंद पाठ होती.
मानेवर मीठ, बनियनवर छापलेलं :
सत्तरीचा हिंडल.
मी तिच्या आडोशाला शिरले,
बसस्टॉपवर परक्या छत्रीखाली सरकावं तशी,
न विचारता.
चार मैल फक्त त्याच्या टाचा.
डावी बाहेरून झिजलेली.
(वडिलांची आठवण वगैरे काही आली नाही.)

घड्याळ म्हणालं, आत्ता निघालीस तर जमेल.
निघाले. शेवटच्या फर्लांगात त्याला ओलांडलं,
तोंडाकडे बघितलंही नाही.
एक छप्पन्न तेहेतीस.

हिंडल आला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला.
मी म्हटलं, सॉरी.
कशाबद्दल? तुझा श्वास येत होता ना कानावर.
तुटायला लागला की मी जरा दमानं घ्यायचो.

सात सेकंद.
घरी येऊन आकडा खोडला, नवा लिहिला.
दुधाचा हिशेब अजून चुकतोच आहे.
आणि एक पिन कुठे पडली,
सापडत नाही.